सुटलेल्या रस्त्यांवर जिओकॅशिंग: हातातल्या जीपीएस यंत्राचा सहा महिन्यांचा अनुभव

सार्वजनिक बांधकाम विभागात रस्त्यांच्या कामावर माझी सगळी नोकरी गेली. रस्ता सरळ करताना जे वळण कापले जाते त्याला आम्ही आपसांत 'सुटलेला रस्ता' म्हणत असू. त्याच्या दुरुस्तीचा निधी थांबतो, मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे मजूर, तिकडे फिरकत नाहीत आणि दोन-चार पावसाळ्यांत साइडपट्टीवरची बाभूळ डांबरापर्यंत येऊन पोहोचते. निवृत्तीनंतर अशा तुकड्यांवरून पायी फिरण्याचा नाद मला लागला आणि त्याला जिओकॅशिंगची, म्हणजे लपवलेल्या डब्या शोधण्याच्या खेळाची, जोड माझ्या भाच्याने दिली. गेल्या दिवाळीला तो पुण्याहून धुळ्याला आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी बटणांचे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे, मुठीत मावेल एवढे जीपीएस यंत्र आणले. "मामा, तुम्ही रस्ते शोधताच आहात, तर आता डब्याही शोधा," असे म्हणून त्याने ते माझ्या हातात दिले. तेव्हापासून मेच्या मध्यापर्यंत ते यंत्र मी खान्देशातल्या सुटलेल्या रस्त्यांवर, घाटात आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांमध्ये वापरले. जवळ चांगला मोबाइल असताना असे वेगळे यंत्र घ्यावे का, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव देत नाही, कारण या वर्गातली यंत्रे एकमेकांपासून फारशी वेगळी नाहीत आणि मला जे सांगायचे आहे ते या सगळ्या वर्गाविषयी आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. कोणीतरी एखादी झाकणाची डबी, जिला या खेळात 'कॅश' म्हणतात, उघड्या जगात लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवतो आणि इतरांनी उपग्रहांच्या मदतीने ती शोधून आतल्या लॉगबुकमध्ये नाव व तारीख लिहून पुन्हा होती तशी ठेवायची असते. या खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. जीपीएसच्या नागरी संदेशांत अमेरिकेने मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला जागा सुमारे १०० मीटरांच्या फरकाने कळे. २ मे २००० रोजी ही चूक मिसळणे बंद झाले आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि आज जगभरात अशा ३० लाखांहून अधिक डब्या नोंदलेल्या आहेत. प्रत्येक डबीला शोधण्याची अवघडता आणि जमिनीची अवघडता अशा दोन श्रेणी असतात, दोन्ही १ ते ५ या मापात. नोंद प्रसिद्ध होण्यापूर्वी स्वयंसेवक परीक्षक ती तपासतो, आणि दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावे लागते. डबी जमिनीत पुरायची नाही, हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे खान्देशातले कारण पुढे येईल.

आमच्या भागात नोंदलेल्या डब्या विरळ आहेत. म्हणून यंत्राची परीक्षा घेण्यासाठी आम्ही आमचीच रीत ठरवली. मी जागा निवडायच्या, जागेच्या मालकाला विचारायचे, डबी ठेवायची आणि तिचे अक्षांश-रेखांशाचे आकडे भाच्याला पाठवायचे. त्याने सुट्टीत येऊन त्या शोधायच्या, आणि त्याने ठेवलेल्या मी शोधायच्या. हंगाम संपल्यावर सगळ्या डब्या परत उचलल्या. पुढे जे लिहीत आहे ते या शोधांवरून.

पहिला शोध लळिंगच्या बाजूचा. धुळ्याहून मालेगावकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याच्या खुणा नजर सरावलेल्या माणसाला अजून दिसतात: मध्येच संपणारा डांबराचा पट्टा, दोन्ही बाजूंना समोरासमोर उभी असलेली कडुनिंबाची झाडे, आणि आता कशालाच न अडवणारा दगडी कठडा. अशाच एका तुकड्यावर मला किलोमीटरचा दगड सापडला. त्याचे डोके एके काळी पिवळे होते, कारण राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचे डोके पिवळे आणि राज्य मार्गाच्या दगडाचे हिरवे रंगवतात. दक्षिणेकडच्या बाजूचा रंग उन्हाने पार गेला होता, पण उत्तरेकडे हात फिरवला तेव्हा बोटाला ३ हा आकडा लागला. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले आणि धुळ्यातून जाणारा जुना ३ क्रमांक नाशिककडे ६० व इंदूरकडे ५२ झाला. सुरत-नागपूरचा ६ होता तो ५३ झाला. नव्या रस्त्यावरचे दगड बदलले गेले, सुटलेल्या रस्त्यावरचा दगड बदलण्याचे कारण कोणालाच उरले नव्हते. त्या दगडाजवळ मी काही वेळ बसून राहिलो आणि मग पाठीमागच्या कठड्याच्या निखळलेल्या चिऱ्याआड पहिली डबी ठेवली.

अशा मोकळ्या जागी यंत्र आणि मोबाइल यांच्यात अचूकतेचा फरक मला जवळजवळ आढळला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आकाश उघडे असले की दोघेही तीन ते पाच मीटरांच्या आत आणून सोडतात. या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, मिनिटाचे तीन दशांश. आपल्या भागात अक्षांशाच्या शेवटच्या दशांशाचा एक आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर आणि रेखांशाचा सुमारे १.७३ मीटर. तेव्हा शेवटचा आकडा दोन-तीनने इकडेतिकडे नाचला तर यंत्राला दोष देऊ नये. तिथून पुढचे काम डोळ्यांचे आहे. आकडे लिहिताना मात्र फार जपावे. मोबाइलमधील नकाशे बहुधा दशांश अंश दाखवतात. २०.५०० अंश म्हणजे २० अंश ३० मिनिटे. ते कोणी २० अंश ५० मिनिटे असे वाचले तर चूक २० मिनिटांची, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटरांची होते. या यंत्रात मांडणी एकदा निवडली की ती तशीच राहते आणि प्रत्येक डबीच्या नोंदीबरोबर दिसते, ही मला त्याची मोठी सोय वाटली.

तरीही लळिंगच्याच तुकड्यावर, एप्रिलच्या शेवटी, या यंत्राची खरी किंमत मला कळली. खान्देशातला उन्हाळा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि जुन्या डांबरावर, काळ्या पाषाणाच्या कठड्याजवळ तर झळ तोंडावर येते. अनेक मोबाइल कंपन्या आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्याची शिफारस करतात. भाच्याचा फोन साडेदहा वाजता तापल्याची सूचना देऊ लागला, त्याने पडद्याचा उजेड आपोआप कमी केला, आणि अकराच्या सुमारास तो थंड होईपर्यंत चालणार नाही असे सांगून बंद पडला. पडदा आधीच दिसत नव्हता, त्यावर हाताची सावली करून पाहावे लागत होते. बटणांच्या यंत्राचा पडदा उलट्या स्वभावाचा असतो: त्याच्या मागे भक्कम दिवा नसतो, तो बाहेरच्या उजेडावर वाचायचा असतो, त्यामुळे ऊन जितके कडक तितकी अक्षरे ठळक. या वर्गातली यंत्रे साधारण ६० अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. आमचे यंत्र दुपारी बारापर्यंत खिशाबाहेर होते, हाताला चटका बसेल इतके तापले होते, पण त्याची सुई एकदाही थांबली नाही. ज्यांना फक्त डिसेंबर-जानेवारीत फिरायचे आहे त्यांना हा मुद्दा गौण वाटेल. परंतु सुटलेले रस्ते उन्हाळ्यातच नीट दिसतात, कारण गवत वाळते, घाणेरीची पाने झडतात आणि मोरीचे तोंड उघडे पडते. आपल्याकडे या छंदाचा खरा हंगाम आणि मोबाइलला न सोसणारा हंगाम एकच आहे.

दुसरा शोध पाचोरा-जामनेर मार्गाचा. या ५६ किलोमीटरांच्या अरुंद रुळांच्या गाडीला सगळा जळगाव जिल्हा 'पीजे' म्हणून ओळखतो. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, वेग सावकाश, आणि शेंदुर्णी, पहूर ही वाटेवरची गावे. सुमारे शंभर वर्षे धावलेली ही गाडी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली, ती अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही. आता तिथे रुंद मार्ग व्हायचा आहे. पीजेच्या वाटेने फिरताना मला वाईट वाटले, हे लपवत नाही. तिच्या छोट्या पुलांचे दगडकाम इतके नेटके आहे की आजच्या ठेकेदाराला ते नुसते दाखवायला न्यावे. पण गाडी थांबली म्हणून जमीन मोकळी होत नाही. ती रेल्वेची जमीन आहे, आणि परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. म्हणून एकही डबी आम्ही त्या हद्दीत ठेवली नाही. सार्वजनिक रस्ता जिथे मार्गाजवळून जातो, तिथे रस्त्याच्या कडेला उभे राहून दिसणाऱ्या पुलाच्या गाळ्यांची संख्या मोजायची आणि ती पुढच्या डबीच्या आकड्यांत घालायची, अशी दोन टप्प्यांची रचना आम्ही केली. शेवटची डबी ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, त्याला विचारून ठेवली.

या कामात यंत्राने मला जरा निराश केले. त्यातला मूळचा नकाशा भारतासाठी अगदीच जुजबी होता. जळगाव आणि भुसावळ दिसत होते, पण शेंदुर्णीपर्यंत जाणारा रस्ता दिसत नव्हता. भाच्याने ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावरून तयार केलेला विनामूल्य नकाशा संगणकातून यंत्रात भरला, तेव्हा कुठे शिवाररस्ते आणि नाले दिसू लागले. हे काम एकदाच करावे लागते, पण माझ्या वयाच्या माणसाला ते एकट्याने जमणार नाही. अक्षरे भरणेही कष्टाचे आहे: बटणाने एकेक अक्षर निवडत 'पहूर पूल' एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात, तेही रोमन लिपीतच, कारण आमच्या यंत्रात देवनागरी नाही. मी शेवटी डब्यांना नावांऐवजी क्रमांक दिले आणि नावे वहीत लिहिली.

जिथे यंत्राने मोबाइलला स्पष्ट मागे टाकले ती जागा औट्रम घाटाची, ज्याला चाळीसगावकडची माणसे कन्नडचा घाट म्हणतात. १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारणारे जेम्स औट्रम यांचे नाव या घाटाला आहे. घाटरस्ता चालू आहे, त्यावर वाहनांची वर्दळ असते आणि ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत इथे दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. घाटाला पर्याय म्हणून बोगद्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. बाजूचे जंगल गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. त्यामुळे डबी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. पायथ्याशी, वाहनांपासून दूर, कड्याला लागून असलेल्या एका जागेवर उभे राहून आम्ही फक्त मापे घेतली. कड्याखाली अर्धे आकाश झाकलेले असते. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि जागा नीट कळायला किमान चार दिसावे लागतात. कड्याआड गेलेल्यांचे संदेश थेट न येता समोरच्या खडकावर आपटून उशिरा येतात आणि यंत्राला वाटते की आपण दूर आहोत. मोबाइलने तीन वेळा तीन वेगळ्या जागा दाखवल्या, त्यातली एक तर दरीत, चाळीस-एक मीटर लांब होती. यंत्राचे पहिले मापही पंधरा मीटरांनी चुकले. पण त्यात सरासरी घेण्याची सोय आहे: एका जागी ठेवून दिले की ते दर क्षणाला माप घेत राहते आणि शेवटी सगळ्यांची सरासरी जपून ठेवते. दहा मिनिटे आणि तासाभराने पुन्हा दहा मिनिटे, असे केल्यावर जे आकडे मिळाले ते दुसऱ्या भेटीत सहा मीटरांच्या आत जुळले. मध्ये तास जाऊ देण्याचे कारण असे की तेवढ्यात उपग्रह सरकतात आणि कड्याआडचे काही उघड्यावर येतात. मोबाइलमध्येही अशी सोय देणारी ॲप आहेत. मात्र वीस मिनिटे पडदा जागा ठेवून फोन उन्हात खडकावर टाकणे कोणाच्या जिवावर येणार नाही?

एक तक्रार इथेच नोंदवतो. यंत्रातले होकायंत्र प्रत्येक वेळी सेल बदलल्यावर पुन्हा जुळवावे लागते, त्यासाठी ते तीन दिशांनी फिरवायचे असते. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत एका ओळीत होती आणि ती न वाचल्यामुळे अर्धा दिवस आम्ही चुकीच्या दिशेला चालत होतो. लोखंडी पुलावर किंवा गाडीच्या बोनेटवर ठेवून जुळवले तर ते आणखी बिघडते.

आता बोगद्यांविषयी. सुटलेला महामार्ग आणि बोगदा यांचे नाव काढले की या खेळातले लोक अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया टर्नपाइक या महामार्गाच्या सोडून दिलेल्या तुकड्याबद्दल बोलतात, आणि रस्त्यांचा माणूस म्हणून मलाही त्याचे अप्रूप आहे. हा महामार्ग १ ऑक्टोबर १९४० रोजी खुला झाला. त्याचे बहुतेक बोगदे एका रेल्वे कंपनीने १८८० च्या दशकात खोदायला घेऊन अर्धवट सोडलेले होते. रस्ता चौपदरी आणि बोगदे दुपदरी, त्यामुळे वाहने तोंडाशी तुंबू लागली. अखेर १९६८ मध्ये बाजूने नवा रस्ता काढून सुमारे २१ किलोमीटरांचा तुकडा दोन बोगद्यांसह सोडून दिला गेला. त्यांपैकी रेज हिल सुमारे १,०७७ मीटर लांब आणि सायडलिंग हिल सुमारे २,०६७ मीटर. दोन किलोमीटर काळोखातून विजेरीच्या उजेडात चालायचे, हे वाचताना अंगावर काटा येतो. तिथे जे घडले ते आपल्याकडेही घडते: रस्ता खराब झाला म्हणून सुटत नाही, त्यावरची वाहने त्याच्या मापाबाहेर गेली म्हणून सुटतो.

खान्देशात रस्त्यांचे सोडून दिलेले बोगदे नाहीत. जळगावात 'बोगदा' म्हटले की बजरंग बोगदा डोळ्यांसमोर येतो, म्हणजे रुळांखालून जाणारी वाट, आणि ती तर दिवसभर वाहती असते. आपल्याकडे बोगद्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे जुन्या रस्त्याखालची दगडी कमानीची मोरी. भराव उंच असला की मोरी लांब होते. पारोळ्याच्या बाजूला एका सुटलेल्या वळणाखाली अशी मोरी मला ठाऊक होती, आत उभे राहता येईल एवढी, टेपने मोजली तर बावीस मीटर भरली. चुन्यात बसवलेले घडीव चिरे, कमानीच्या मधोमध बसवलेला कळीचा दगड, आणि तळाला पुराने आणून टाकलेली बारीक वाळू, जिच्यावर उदमांजराची पावले उमटलेली होती.

तिथे यंत्राची सत्ता संपते. तोंडाशी ते आठ-नऊ उपग्रह दाखवत होते. आत सहा पावले टाकली तेव्हा तीन उरले, दहाव्या पावलाला एकही नाही. संदेश इतके क्षीण असतात की माती आणि दगड त्यांना ओलांडता येत नाहीत, यात महागड्या यंत्राचाही इलाज नाही. वाईट असे की यंत्र लगेच हार मानत नाही. थोडा वेळ ते शेवटच्या वेगावरून अंदाजाने जागा पुढे सरकवत राहते, आणि पडद्यावर आपण मोरीतून बाहेर पडून शेतात चाललेले दिसतो. म्हणून बोगद्यातल्या डबीचे आकडे नेहमी तोंडाचे द्यावेत आणि पुढचे अंतर मोजून सांगावे: उत्तरेच्या तोंडापासून डाव्या भिंतीने इतके चिरे, खालून चौथा थर. मी चिरे मोजण्याची रीत वापरली, कारण पावले प्रत्येकाची वेगळी असतात आणि चिरे कोणी हलवत नाही. भाच्याने पहिल्याच खेपेला डबी काढली.

मोरीत शिरण्यापूर्वीची काळजी यंत्राच्या परीक्षणात का, असे कोणी विचारील. पण ज्याला हे यंत्र विकत घ्यायचे आहे तो तिथे जाणारच आहे. फटीत हात कधीही घालू नये. आपल्या भागात फुरसे सर्वत्र आहे, ते लहान असते आणि दगडाच्या रंगात मिसळते. आधी काठीने आणि विजेरीच्या उजेडाने पाहावे. कमानीला आग्या मोहोळ असेल तर आल्या पावली परतावे. वटवाघळे असतील तर त्यांच्या विष्ठेची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे, आणि त्यांच्या विणीच्या दिवसांत तिकडे जाऊच नये. आभाळ भरले असेल, अगदी दूर सातमाळ्याच्या डोंगरावर भरले असेल, तरी मोरीत उतरू नये. मी पाणी किती वेळात येते ते नोकरीत पाहिले आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याच माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. लळिंगच्या तुकड्यावर मी कठड्याशी वाकून पाहत असताना एक मेंढपाळ जवळ आला आणि त्याने विचारले, "काय धुंडी राह्यनात भाऊ?" माझ्याबरोबरचा भाचा उत्साहाने म्हणाला, "कॅश लपवली आहे, ती शोधतोय." त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा बदल मी पाहिला. आपल्या भाषेत कॅश म्हणजे रोकड. लळिंगच्या जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी, हातात चमत्कारिक यंत्र घेऊन दोन शहरी माणसे रोकड शोधत आहेत, ही बातमी संध्याकाळपर्यंत गुप्तधनाची झाली असती, आणि गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे किती किल्ल्यांचे तट आणि किती देवळांचे गाभारे खणले गेले आहेत हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. मी त्याला बसवून घेतले, डबी काढून दाखवली, आतली वही दाखवली, तिच्यात त्याचेही नाव लिहून घेतले. तेव्हापासून आम्ही हा शब्द गावात वापरत नाही, डबी म्हणतो. डबी पारदर्शक प्लास्टिकची घेतो, तिच्यावर मराठीत 'हा शोधाचा खेळ आहे, आत फक्त वही आहे' असे लिहितो, आणि काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली कोणतीही वस्तू पुलाखाली ठेवत नाही, कारण ती पाहून पोलिसांना बोलावणारा माणूस बरोबरच वागत असतो. डबी पुरायची नाही हा नियमही याच कारणाने आपल्याकडे दुप्पट महत्त्वाचा आहे. खणलेली माती दिसली की पुढचे खणणे आपल्या हातात राहत नाही.

खरेदीबद्दल दोन शब्द. असे यंत्र एका बऱ्या मोबाइलच्या किमतीला पडते. आमचे भाच्याने ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतले. दोन महिन्यांनी संगणकाला जोडायच्या खाचेवरचे रबरी झाकण सुटले, तेव्हा कळले की ते परदेशातून परस्पर आणलेले होते आणि इथे त्याची हमी लागू नव्हती. झाकण नसले की पाण्यापासूनचे संरक्षणही जाते. म्हणून भारतातली हमी बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरे असे की या यंत्रांचे काही प्रकार उपग्रहामार्फत संदेश पाठवू शकतात. परवान्याशिवाय असे उपकरण बाळगणे आपल्याकडे बेकायदा आहे आणि विमानतळांवर त्यावरून लोकांना अडवलेले आहे. फक्त जागा दाखवणारे यंत्र घ्यावे, संदेशवाले घेऊ नये. सेलच्या बाबतीत मात्र मी पूर्ण समाधानी आहे: पुन्हा चार्ज होणाऱ्या दोन पेन्सिल सेलवर दोन दिवसांची भटकंती होते, आणि ते संपले तर शिरपूर-नवापूरकडच्या कोणत्याही किराणा दुकानात साधे सेल मिळतात.

शहरातल्या शहरात, बागेत किंवा देवळाच्या आवाराजवळच्या डब्या शोधणाऱ्याने हा खर्च करू नये, मोबाइल पुरतो. वर्षातून चार-पाच वेळा हिवाळ्यात फिरणाऱ्यानेही थांबावे. पण जो स्वतः डब्या ठेवणार आहे, ज्याचे आकडे इतरांनी वापरायचे आहेत, त्याने सरासरी घेणारे यंत्र जरूर घ्यावे, कारण त्याची चूक दहा जणांना काट्यात फिरवते. आणि जो मार्चनंतर आपल्या उन्हात सुटलेल्या रस्त्यांवर जाणार आहे, त्याला मी हे यंत्र निःशंकपणे सुचवीन. ते घेऊन निघताना पिशवीत विजेरी, पंचवीस मीटरांचा टेप, हातभर काठी आणि एक शिसपेन्सिल टाकावी. मोरीतली वही बहुधा दमट असते आणि दमट कागदावर बॉलपेन उठत नाही.